जुनं सागवान घासण्याआधी एवढं वाचा

कोल्हापुरात शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ किंवा गंगावेशीकडच्या जुन्या घरातून बोलावणं आलं की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "मिस्त्री, सगळं घासून काढा आणि एकदम नव्यासारखं करून द्या." चहा होईपर्यंत आम्ही त्यावर काही बोलत नाही. चहा झाला की सांगतो, सगळं घासायची गरज नाही. यात आमचंच बिल कमी होतं, पण घासून गेलेलं लाकूड परत आणता येत नाही. खांबाच्या नक्षीची धार एकदा बोथट झाली की कितीही भारी पॉलिश मारा, तो खांब साबणाच्या वडीसारखाच दिसणार.

आधी कापूस, मग सँडपेपर

घर बघायला येताना आमच्या पिशवीत मशीन नसतं. कापूस, स्पिरीट, थिनर, टॉर्च आणि ओल मोजायचं मीटर एवढंच असतं. दाराच्या मागच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी स्पिरीटचा कापूस अर्धा मिनिट धरून ठेवतो. पॉलिश चिकट होऊन कापसाला तांबूस रंग लागला, तर ते जुनं लाखेचं पॉलिश. स्पिरीटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर नंतर कुणीतरी लॅकर मारलेलं आहे. दोन्हींनी काहीच हललं नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही टणक पॉलिशं, नाहीतर नुसता ऑइलपेंट.

हे कळणं पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. लाखेचं पॉलिश म्हणजे चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरीटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवलेले पातळ थर. त्यावर ताजं लाखेचं पॉलिश लावलं की खालचा थर वरच्यात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे असं दार खरवडून कोरं करावं लागत नाही. धुळीचा आणि तेलाचा थर काढायचा, ३२० नंबरच्या बारीक सँडपेपरने हलकं उजळायचं आणि दोन-तीन हात द्यायचे. जिथे चार दिवस घासकामात जाणार असं घरच्यांनी धरलेलं असतं, तिथे कधी कधी दीड दिवसात काम आटोपतं.

कडीपाटाचंही, म्हणजे तुळयांवर फळ्या टाकलेल्या लाकडी छताचंही, असंच आहे. चुलीच्या धुराने काळा झालेला कडीपाट कुजला, असं लोक समजतात. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून पुसलं की खालून तपकिरी सागवान निघतं. धुण्याचा सोडा मात्र वापरू नका, त्याने लाकूड आणखी काळवंडू शकतं. खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग हा धुराचा प्रकार नव्हे. ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा संयोग होऊन ते पडतात. घासून ते जात नाहीत, कारण ते खोलवर गेलेले असतात. तिथे ऑक्झॅलिक अॅसिडचं सौम्य पाणी लागतं. ते विषारी आहे, म्हणून हे काम आमच्यावर सोडा आणि तेवढा वेळ पोरांना लांब ठेवा.

जुना रंग कोरडा घासायचा नाही

खिडक्यांना, माडीच्या कठड्याला हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतील, तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत काय होतं ते आता कोण सांगणार! म्हणून असा रंग आम्ही मशीनने उडवत नाही. रिमूव्हर लावून फुगवतो, पटाशीने किंवा पत्तीने ओलाच खरवडतो आणि ते खरवड गोळा करून पिशवीत बांधतो. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर आधी सांगा, ती खोली बंद करूनच काम धरू.

साध्या लाकडाची धूळसुद्धा निरुपद्रवी नसते. सागवानाच्या भुकटीने कातडीला खाज सुटते, छाती भरते. आमचे कारागीर मास्क लावतात आणि मशीनला धूळ ओढणारा पाइप जोडतात. तरी थोडी उडतेच. मालवणकडच्या एका जुन्या नौकेच्या केबिनचं काम केलं तेव्हा हे नीट उमगलं. तिथली धूळ फळ्यांच्या फटींतून थेट तळाला जाऊन बसते आणि पाणी उपसायचा पंप तुंबवते. तुमच्या घरात ती धान्याच्या कोठीत आणि देवघरात जाते. म्हणून आदल्या दिवशी भांडी, धान्य, देव हलवून ठेवा. टाक हलवायला आम्ही हात लावत नाही, ते घरच्यांनीच करावं.

घासकाम कसं होतं

सँडपेपरचा, म्हणजे आमच्या भाषेत पॉलिश पेपरचा, नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. कोरं करायचं असेल तर १०० किंवा १२० ने सुरुवात, मग १५०, १८०, २२०. मधला नंबर गाळला की वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण जाड दाण्याचे ओरखडे बारीक दाण्याने निघत नाहीत. ते पॉलिश चढल्यावर, तेही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात, नेमके पाहुणे आलेले असताना. म्हणून आम्ही प्रत्येक नंबरनंतर टॉर्च आडवा धरून बघतो. तुम्हीही बघा, आम्हाला राग येत नाही.

दिशा कायम लाकडाच्या रेषेबरोबर. गोल फिरणारं मशीन आम्ही फक्त दाराच्या सपाट दिल्ह्यांवर (चौकटीत बसवलेल्या फळ्यांवर) आणि झोपाळ्याच्या फळीवर चालवतो, शेवटचा हात तिथेही हातानेच. खांब, कमानी, गणेशपट्टी यांना मशीन लागत नाही. तिथे पेपरची घडी, नाहीतर जुन्या सुतारांची काचेची कपची. काच फोडून तिच्या धारेने खरवडणारे हात आता थोडेच उरलेत.

घरातला शोकेस किंवा कपाट भरीव लाकडाचं आहे की व्हिनियरचं (प्लायवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं), हे आधी तपासतो. व्हिनियरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. आमच्या सुरुवातीच्या काळात एका डॉक्टरांच्या शोकेसवर मशीन दोन सेकंद जास्त टेकलं आणि खालचा प्लाय उघडा पडला. दरवाजा पदरचे पैसे घालून बदलून दिला. तेव्हापासून मशीन उचलण्याआधी कड बघतोच.

सागवानाचं तेल

सागवान टिकतं ते त्याच्या अंगच्या तेलामुळे. १८१७ साली मुंबईला वाडियांच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण तेच तेल पॉलिशच्या आड येतं. ताज्या घासलेल्या सागवानावर तसाच पीयू मारला तर काही महिन्यांत पापुद्रे सुटू शकतात. म्हणून पहिल्या हाताआधी थिनरचं फडकं फिरवतो आणि तेल पुन्हा वर यायच्या आत पहिला हात देतो. कोटेशनमध्ये थिनर वेगळा लावलेला दिसला तर तो यासाठी.

कुठे काय लावायचं

खांब, देव्हारा, दिल्ह्यांची दारं, कडीपाट यांना आमची पसंती लाखेलाच. दिसायला खोल आणि पुढे दुरुस्तीला सोपी. मात्र गरम कप ठेवला की पांढरं कडं पडतं आणि स्पिरीट सांडलं तर थर विरघळतो. जेवणाचं टेबल, जिन्याच्या पायऱ्या, झोपाळ्याची फळी यांना पीयू. मेलामाइन स्वस्त आणि टणक, पण त्याचा फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांत जातो, झोपायच्या खोलीसाठी आम्ही ते सुचवत नाही. उंबऱ्याला जवसाचं उकळलेलं तेल. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, म्हणून उकळलेलंच. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातलं फडकं आपोआप पेटू शकतं. आमचे बोळे पाण्याच्या बादलीत जातात, ती बादली कुणी रिकामी करू नये.

कधी बोलवायचं

दसऱ्याला आठ दिवस उरले की फोन वाजायला लागतात. तेव्हा हवेत ओल असते आणि आमच्याकडे माणसं नसतात. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, कारण स्पिरीट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. नोव्हेंबर ते मे हा आमचा हंगाम. मीटरवर १२ टक्क्यांच्या वर ओल दिसली तर आम्ही पॉलिश धरत नाही.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात चौकटी बुडाल्या असतील आणि घाईने रंग मारून घेतला असेल, तर तळाशी टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला किंवा रंगाला फोड दिसले तर आधी तेवढा रंग काढून चौकट उघडी ठेवावी लागेल. भिंतीत ओल असेल तर लाकडाला दोष देऊन उपयोग नाही, गवंड्याला बोलवा.

हिशोब आणि नंतरची काळजी

सपाट काम चौरस फुटावर, नक्षीकाम दिवसाच्या हजेरीवर. एका दिल्ह्याचा नमुना आधी फुकट करून देतो. तो दोन दिवस येता-जाता बघा, मग होकार द्या.

काम झाल्यावर पहिले आठ दिवस ओलं फडकं लावू नका, तांब्या-पेला थेट लाकडावर ठेवू नका. समईच्या बाजूला देव्हाऱ्यावर काजळी धरेल, ती कोरड्या मऊ फडक्याने काढा. उंबऱ्यावरची हळद उजेडाने फिकी पडते, तिच्यासाठी घासू नका. कुंकवाचा रंग मात्र आत मुरतो, म्हणून आम्ही उंबऱ्याला वरून मेणाचा एक हात देतो. तो दिवाळीला आणि पाडव्याला घरच्या घरी पुन्हा देता येतो, त्याची डबी जाताना ठेवून जाऊ.