ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक-बदल : २०२१ च्या हंगामाची पार्श्वभूमी

९ ऑक्टोबर २०२१ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर टेक्सासविरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठाचा अमेरिकी फुटबॉल संघ ७-२८ असा मागे पडला होता. त्याच सामन्यात प्रशिक्षक लिंकन रायली यांनी क्वार्टरबॅक स्पेन्सर रॅटलरला बाकावर बसवून पहिल्याच वर्षाच्या कॅलेब विल्यम्सकडे चेंडू सोपवला. हा निर्णय त्या दुपारी अचानक सुचलेला नव्हता.

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते आणि ही जागा एकच असते, त्यामुळे दुसरा कितीही गुणी असला तरी तो राखीवच राहतो. रायली २०१५ मध्ये आक्रमणाचे समन्वयक म्हणून आणि २०१७ पासून मुख्य प्रशिक्षक म्हणून ओक्लाहोमात होते. त्यांच्या काळात ही जागा प्रामुख्याने दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या खेळाडूंनी गाजवली. टेक्सास टेकहून आलेल्या बेकर मेफिल्डने २०१७ मध्ये आणि टेक्सास ए अँड एमहून आलेल्या कायलर मरेने २०१८ मध्ये हाइजमन करंडक (वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठ फुटबॉलपटूचा सन्मान) जिंकला, तर अलाबामाहून आलेला जेलन हर्ट्स २०१९ मध्ये त्याच करंडकाच्या मतदानात दुसरा आला. शाळेतून थेट ओक्लाहोमात येऊन त्यांची जागा घेणारा रॅटलर होता, आणि त्याची तुलना पहिल्या दिवसापासून या तिघांशीच होणार होती.

२०२० मध्ये कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेटकडून लागोपाठ पराभव झाल्यावर टेक्सासविरुद्ध रायली यांनी रॅटलरला काही काळ बाहेर बसवले होते. तो परतला, चार जादा डावांनंतर संघ ५३-४५ असा जिंकला आणि त्यानंतर हंगामातला एकही सामना हरला नाही. माझ्या मते पुढच्या वर्षीच्या धाडसाचे मूळ या अनुभवात आहे : क्वार्टरबॅकला बाहेर काढले तरी तो परत येतो, आणि अधिक चांगला खेळतो, असा विश्वास त्यातून पक्का झाला असावा.

२०२१ च्या सुरुवातीला रॅटलर हाइजमनचा प्रमुख दावेदार मानला जात होता, पण संघ जिंकत असूनही कुणाचे समाधान होत नव्हते. टुलेनविरुद्ध ४०-३५, नेब्रास्काविरुद्ध २३-१६, वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध १६-१३, कॅन्सस स्टेटविरुद्ध ३७-३१ असे ते विजय होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या सामन्यात तर नॉर्मन या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या गावी घरच्याच प्रेक्षकांनी ‘आम्हाला कॅलेब हवा’ असा घोष केला. वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या मैदानावर हे ऐकावे, याचे मला आजही वाईट वाटते, कारण टुलेनला ३५ आणि कॅन्सस स्टेटला ३१ गुण करू देणारा बचाव काही रॅटलरचा नव्हता.

टेक्सासविरुद्ध विल्यम्सने चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चेंडू राखायला एक यार्ड हवा असताना ६६ यार्ड धावून टचडाउन केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला) आणि अखेरीस संघ ५५-४८ असा जिंकला. त्याच सामन्यात ४१-४१ अशी बरोबरी साधणारी, टचडाउननंतरच्या जादा दोन गुणांची फेक मात्र रॅटलरची होती. पुढच्या आठवड्यापासून विल्यम्स सुरुवातीचा क्वार्टरबॅक झाला, तरी मूळ दुखणे राहिलेच : नोव्हेंबरमध्ये बेलरने १४-२७ आणि ओक्लाहोमा स्टेटने ३३-३७ असे हरवले, आणि बेलरविरुद्ध विल्यम्सलाही काही काळ बाहेर बसावे लागले.

२०२० ची पुनरावृत्ती, म्हणजे बाहेर बसवलेल्या रॅटलरचे पुनरागमन, न होण्यामागे नियमातील बदलही होता. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी ही अट उठवण्यात आली. त्यामुळे बाकावर बसवलेल्या खेळाडूला वाट पाहत थांबण्याचे कारण उरले नाही. ओक्लाहोमा स्टेटकडून झालेल्या पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी रायली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेले. रॅटलरने साउथ कॅरोलिना गाठले, तर विल्यम्स रायलींच्या मागोमाग लॉस एंजेलिसला गेला आणि २०२२ चा हाइजमन करंडक त्याने तिथे जिंकला.