स्टॅकअप (बहुथरी पीसीबीची थररचना)

बहुथरी पीसीबीत (म्हणजे मुद्रित सर्किट बोर्डात) तांब्याचे थर कोणत्या क्रमाने आणि किती अंतरावर बसवायचे व त्यांच्यामध्ये कोणता विद्युत्‌रोधक पदार्थ घालायचा, याच्या आराखड्याला स्टॅकअप म्हणतात. थर किती घ्यायचे, हा प्रश्न बहुधा आधी विचारला जातो. वेगवान बोर्डात मात्र आधी पाहायचे ते प्रत्येक सिग्नलचा परतीचा प्रवाह (उगमाकडे परत येऊन मंडल पूर्ण करणारा) कोठून जाणार, हे. ते ठरले की थरांची संख्या बरीचशी आपोआप ठरते.

बोर्ड वेगवान आहे की नाही, हे क्लॉकच्या (चिपला ताल देणाऱ्या सिग्नलच्या) वारंवारतेवरून नव्हे, तर सिग्नल किती वेळात चढतो-उतरतो यावरून ठरते. एफआर-४ या प्रचलित काच-इपॉक्सी पदार्थात सिग्नल १ नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंमी. जातो. चढायला १ नॅनोसेकंद घेणाऱ्या सिग्नलचा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची वाहक रेघ) याच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे २.५ सेंमी.हून लांब असेल, तर त्याला ट्रान्समिशन लाइन, म्हणजे सिग्नल ज्यातून लाटेसारखा सरकतो अशी वाट, मानण्याचा प्रघात आहे. त्यामुळे क्लॉक अवघ्या १० मेगाहर्ट्झचा असला, तरी चिप आजच्या घडणीची असेल तर बोर्ड याच वर्गात मोडतो.

कमी वारंवारतेचा परतीचा प्रवाह ग्राउंड प्लेनभर (ग्राउंडला जोडलेल्या सलग तांब्याच्या थरभर) पसरून कमीत कमी रोधाची वाट धरतो. वारंवारता वाढली की तो कमीत कमी प्रेरकत्वाची वाट शोधतो आणि ती ट्रॅकच्या नेमकी खाली असते. ट्रॅक प्लेनपासून ०.१ मिमी. उंचीवर असेल, तर सुमारे ८० टक्के प्रवाह ०.६ मिमी. रुंदीच्या पट्ट्यात मावतो. या पट्ट्यात प्लेनला चीर पडलेली असली की प्रवाहाला वळसा पडतो, लूप मोठा होतो, शेजारच्या ट्रॅकमध्ये क्रॉसटॉक (एकाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळणे) वाढतो आणि विद्युत्‌चुंबकीय उत्सर्जनही वाढते. शिवाय १ गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्यात जेमतेम २ मायक्रॉन शिरतो. प्लेन ३५ मायक्रॉन जाड असल्याने त्याची वरची व खालची बाजू म्हणजे जणू दोन वेगळे वाहकच.

चार थरांच्या बोर्डाची अडचण येथेच आहे. सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल हा त्याचा नेहमीचा क्रम. १.६ मिमी. जाडीच्या बोर्डात मधला कोअर (विद्युत्‌रोधक पदार्थाचा तयार कडक पत्रा) बहुधा १ मिमी.हून जाड असतो. दोन प्लेन इतके दूर असले, तर त्यांच्यातील धारकता चौरस सेंटिमीटरला ४ पिकोफॅरडही भरत नाही, ०.१ मिमी. अंतर असते तर ती दहापट झाली असती. पहिल्या थरावरचा सिग्नल व्हायातून (थर जोडणाऱ्या, तांबे चढवलेल्या छिद्रातून) चौथ्यावर उतरला की त्याच्या परतीच्या प्रवाहालाही ग्राउंडवरून पॉवरवर जावे लागते, आणि त्याला वाट मिळते ती जवळपासच्या कपॅसिटरमधून. आतले दोन्ही थर ग्राउंडला देऊन पॉवर बाहेरच्या थरांवर ओतणे हा अनेकदा अधिक चांगला उपाय ठरतो. मग सिग्नलच्या व्हायाशेजारी एक ग्राउंड व्हाया दिला की काम भागते.

सहा थरांत दोन थर वाढतात, पण सिग्नल, सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल, सिग्नल असा क्रम लावला तर ते वाया गेले म्हणायचे: बाहेरचे ट्रॅक प्लेनपासून लांब पडतात आणि आपल्या खालच्या ट्रॅकशी बोलू लागतात. सिग्नल, ग्राउंड, सिग्नल, पॉवर, ग्राउंड, सिग्नल या क्रमात प्रत्येक सिग्नल थराला लागून प्लेन असतो आणि पॉवर-ग्राउंडची जोडीही जवळ आणता येते. तिसऱ्या थरावरची मोकळी जागा मात्र तांब्याने भरावी, कारण दोन्ही अर्ध्यांतले तांबे असमान असेल तर बोर्ड वाकतो. पृष्ठभागावर भाग बसवायच्या बोर्डांसाठी आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानकाने वाक व पीळ यांची मर्यादा ०.७५ टक्के ठेवली आहे. थर सम संख्येत व जाडी मध्यापासून सममित ठेवण्याचे कारणही हेच.

इम्पीडन्स (सिग्नलला ट्रॅकवर जाणवणारा विरोध) मुख्यतः ट्रॅकची रुंदी, प्लेनपासूनची उंची आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक यांवर ठरतो. एफआर-४ वर बाहेरच्या थरातला ५० ओहमचा ट्रॅक उंचीच्या साधारण दुप्पट रुंद असतो. त्यामुळे प्रीप्रेग (थर चिकटवणारा, रेझिनमध्ये भिजवलेल्या काचकापडाचा पत्रा) पातळ निवडला की ट्रॅकही बारीक होतो. यूएसबीच्या ट्रॅकजोडीला ९० ओहम आणि इथरनेटच्या ट्रॅकजोडीला १०० ओहम लागतात.

अनेक गिगाहर्ट्झच्या पुढे पदार्थच आड येतो. एफआर-४ चा लॉस टँजंट (पदार्थात सिग्नलची ऊर्जा किती वाया जाते याचे माप) ०.०२ च्या आसपास असतो, म्हणून लांब ट्रॅकसाठी कमी ऱ्हासाचे लॅमिनेट घेतात. व्हायाचा न वापरलेला ३ मिमी.चा शेपटासारखा भाग १२ गिगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालीच अनुनाद देतो; तो मागून ड्रिल करून काढतात किंवा सिग्नल खालच्या थरावर नेऊन आखूड करतात.

प्रीप्रेगमधील रेझिन दाबाखाली वाहून ट्रॅकमधल्या फटींत शिरते. त्यामुळे कागदावरची जाडी आणि हातात आलेली जाडी वेगळी असते. ती किती भरेल हे फॅब्रिकेटरच (बोर्ड बनवणारा कारखानदारच) सांगू शकतो, म्हणून स्टॅकअप त्याच्याकडून लेआउटच्या आधीच मंजूर करून घेतात. इम्पीडन्सवर तो सहसा ±१० टक्के इतकी हमी देतो.