बॉम्बर कमांड क्लास्पचा अर्ज: नुसतं विमानाचं नाव लिहून भागत नाही

ब्रिटिश विमानदलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बहल्ले करणाऱ्या विभागात, दुसऱ्या महायुद्धात उडालेल्यांसाठी तिथल्या सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये एक क्लास्प जाहीर केला. हे स्वतंत्र पदक नाही. '१९३९-४५ स्टार' या पदकाच्या फितीवर लावायची ही धातूची छोटी पट्टी आहे. युद्धात या कमांडचे ५५,५७३ एअरक्रू (विमानात बसून उडणारे) गेले, आणि सरकारला ही पट्टी सुचायला जवळपास सत्तर वर्षं लागली. तोवर अर्ज करायला उरले ते बहुतेक पुतणे, भाचे आणि नातवंडं.

मराठी घरांतून याबद्दल विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींचे आजोबा किंवा आजोबांचे भाऊ विमानदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात होते. काहींचं सासर इंग्लंडात आहे आणि सासूबाईंच्या कपाटात गणवेशातल्या पोराचा एक फोटो आहे. दोघांचेही अर्ज एकाच वाक्यामुळे परत येतात: 'ते वेलिंग्टन बॉम्बरवर होते आणि मोहिमेवर असताना मारले गेले.' वाक्य खरं असतं, पण ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचं पदक कार्यालय विमान कोणतं ते पाहत नाही. विमान त्या दिवशी कोणत्या कमांडखाली होतं, ते पाहतं.

पात्रता अशी. ३ सप्टेंबर १९३९ ते ८ मे १९४५ या काळात बॉम्बर कमांडच्या लढाऊ युनिटमध्ये एअरक्रू म्हणून किमान ६० दिवस, किंवा मोहिमांची एक पूर्ण फेरी (टूर, म्हणजे ठरवून दिलेल्या संख्येच्या मोहिमा). शिवाय त्या युनिटमधून प्रत्यक्ष हल्ल्याचं किमान एक उड्डाण. सेवा मृत्यूमुळे किंवा जखमेमुळे तुटली असेल तर ६० दिवसांची अट आड येत नाही, पण त्या एका उड्डाणाला सूट नाही. जमिनीवरचे फिटर, शस्त्र चढवणारे, हवामानवाले यांना क्लास्प नाही. हा अन्याय आहे असं मलाही वाटतं, पण अर्जात तसं लिहून काही होत नाही. आणि हो, ८ मे १९४५ ही सेवेची शेवटची तारीख आहे. अर्जाला मुदत नाही.

कमांड कोणती, हे कसं ओळखायचं

मध्यम बॉम्बरवाल्यांचे अर्ज सर्वांत जास्त अडतात, कारण ही विमानं सगळीकडे वापरली गेली. लँकेस्टर हे जड बॉम्बर म्हटलं की ऐंशी-नव्वद टक्के काम झालं. वेलिंग्टनचं तसं नाही. ती बॉम्बर कमांडमध्ये होती, पाणबुड्या शोधणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये होती, इजिप्तमध्ये होती आणि आपल्याकडे बंगालातही होती. ९९ क्रमांकाची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) युद्धाच्या पहिल्या दिवसापासून बॉम्बर कमांडमध्ये होती. १९४२ मध्ये ती भारतात आली आणि दिग्री, जेसोर इथून ब्रह्मदेशावर हल्ले करू लागली. म्हणजे एकाच स्क्वाड्रनमध्ये १९४१ साली जर्मनीवर पडलेला पात्र, आणि इथे येऊन १९४३ साली ब्रह्मदेशात पडलेला अपात्र. अर्थात तो स्क्वाड्रनमध्ये इथेच रुजू झाला असेल तर. आधी इंग्लंडातून उडालेला असेल तर त्या काळावर तो पात्र ठरू शकतो. ब्रह्मदेशातल्या सेवेसाठी बर्मा स्टार आहे, तो वेगळा मागावा लागतो.

दुसरी अडचण १ जून १९४३ या तारखेची. ब्लेनहाइम, बॉस्टन, व्हेंच्युरा, मिचेल ही विमानं ज्या २ क्रमांकाच्या ग्रुपमध्ये (अनेक स्क्वाड्रन मिळून एक ग्रुप) होती, तो ग्रुप त्या दिवशी बॉम्बर कमांडमधून काढून नव्या टॅक्टिकल एअर फोर्सकडे दिला गेला. विमानं, माणसं, धावपट्ट्या त्याच, पण क्लास्पच्या हिशेबात मेअखेर रेघ ओढली गेली. ३ मे १९४३ ला ४८७ स्क्वाड्रनच्या व्हेंच्युरा विमानांनी ॲमस्टरडॅमवर भरदिवसा हल्ला केला आणि जवळजवळ सगळी तुकडी संपली. ते सर्वजण रेघेच्या आत आहेत. दोन महिन्यांनी त्याच ग्रुपच्या मिचेलमध्ये गेलेला मुलगा रेघेबाहेर.

इथे घाईने अर्ज सोडून देऊ नका. मिचेलवाल्या ९८ आणि १८० स्क्वाड्रन जानेवारी १९४३ पासूनच मोहिमांवर होत्या. जुलैत गेलेला माणूस फेब्रुवारीपासून तिथे असेल तर त्याचे ६० दिवस मेच्या आतच भरलेले असतात. अर्जात मृत्यूची तारीख ठळक लिहिली आणि युनिटमध्ये रुजू झाल्याची तारीख लिहिलीच नाही, तर वाचणाऱ्याचं लक्ष फक्त मृत्यूकडे जातं आणि नकार येतो. रुजू तारीख आधी लिहा.

कमांड ओळखायची पहिली खूण फुकट मिळते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. कबर सापडली नसेल तर नाव कोणत्या स्मारकावर कोरलं आहे ते पाहा. इंग्लंडातलं रनिमीड असेल तर माणूस ब्रिटनमधल्या किंवा वायव्य युरोपातल्या तळावरून उडाला होता; तो बॉम्बर कमांडचा असू शकतो, कोस्टलचाही असू शकतो. माल्टा, इजिप्तचं अलामेन किंवा सिंगापूरचं क्रांजी असेल तर त्याची शेवटची मोहीम बॉम्बर कमांडची नव्हती असं धरून चाला आणि आधीची सेवा शोधा. १९४१ मध्ये माल्टाला पाठवलेल्या ब्लेनहाइम तुकड्यांत अशी खूप नावं आहेत: काही आठवडे आधीपर्यंत इंग्लंडातून उडणारी, मग माल्टाच्या स्मारकावर.

लॉगबुक, जे कुणाकडेच नसतं

'लॉगबुक जोडा' असं कुणीतरी सांगतं आणि घरातले माळे उपसले जातात. मृत वैमानिकांची लॉगबुकं युद्धानंतर विमानदलाच्या कोठारात पडून होती. कुटुंबांनी न मागितलेली बहुतेक १९६० च्या सुमारास नष्ट केली गेली. तुमच्या घरात ते नसणं स्वाभाविक आहे आणि त्यावाचून अर्ज अडत नाही.

त्याऐवजी स्क्वाड्रनची मोहीम-दैनंदिनी काढा. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एआयआर २७' या मालिकेत ती आहे आणि ऑनलाइन उतरवून घेता येते. तिच्यात दोन फॉर्म असतात. ५४० मध्ये तळाची रोजची हकिकत असते; ती वाचायला छान, पण अर्जाला फारशी उपयोगाची नाही. तुम्हाला हवा ५४१. त्यात विमानाचा क्रमांक, आतल्या प्रत्येकाचं नाव, काम, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ असे रकाने असतात. न परतलेल्या विमानापुढे उतरल्याची वेळ कोरी असते आणि शेवटच्या रकान्यात 'उड्डाणानंतर काही कळलं नाही' अशा अर्थाची एक ओळ. हे एक पान आणि आधीच्या एखाद्या मोहिमेचं त्याच नावाचं दुसरं पान, एवढा पुरावा पुरेसा बोलतो.

पान सापडत नाही अशी तक्रार आली की मी आधी तारीख विचारतो. रात्रीच्या हल्ल्याला दोन तारखा असतात. दैनंदिनीत नोंद विमान उडालं त्या दिवसाची. कबरीवर तारीख बहुधा दुसऱ्या दिवसाची. ३१ ला गेलेला माणूस ३० च्या पानावर सापडतो. एक पान मागे गेलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

प्रशिक्षणात गेलेल्यांचं दुःख वेगळं आहे. बॉम्बर कमांडच्या मृतांपैकी आठ हजारांवर माणसं शत्रूच्या प्रदेशात नव्हे, तर अपघातांत गेली. त्यांतली पुष्कळ ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटांमधली (लढाऊ युनिटमध्ये जाण्याआधीचं प्रशिक्षण देणारी), म्हणजे बहुधा जुन्या, खिळखिळ्या वेलिंग्टनवरची. हल्ल्याचं उड्डाण झालेलं नसेल तर क्लास्प मिळत नाही, कितीही पत्रं लिहिली तरी. अपवाद शोधण्यासारखा आहे. ३० मे १९४२ च्या रात्री कोलोनवर हजार विमानं पाठवायची होती, आकडा भरेना म्हणून शिकाऊ युनिटांतले क्रूही पाठवले गेले. त्या रात्रीच्या विमानांत निम्म्याहून अधिक वेलिंग्टन होती आणि ४१ विमानं परत आली नाहीत. तुमचा माणूस अशा युनिटमधला असेल तर 'एआयआर २९' मध्ये त्या युनिटची दैनंदिनी पाहा आणि पान जोडा. युनिट 'लढाऊ' धरायचं की नाही हा निर्णय कार्यालय घेतं, पण पान न जोडता तो तुमच्या बाजूने लागण्याची आशा नको.

अर्जदार कोण

पदक सर्वांत जवळच्या वारसालाच मिळतं. आधी जोडीदार, मग थोरलं अपत्य, मग नातवंडं. गेलेली मुलं बहुतेक विशीतली आणि अविवाहित, त्यामुळे हक्क भावंडांच्या शाखेकडे जातो आणि घरात प्रश्न उभा राहतो: थोरल्या काकांचा मुलगा अमेरिकेत, त्याला रस नाही, अर्ज करते धाकट्या आत्याची मुलगी. अशा वेळी जवळच्या वारसाचं सहीचं संमतीपत्र आधीच जोडा. ते मागवण्यात महिने जातात.

नात्याची साखळी जन्म-विवाह-मृत्यूच्या दाखल्यांनी सिद्ध करावी लागते. जात पडताळणीला वंशावळ जोडताना जे होतं तेच इथे होतं: एक दुवा कच्चा राहिला की सगळी फाईल परत. आपल्याकडच्या नावांचा घोळ त्यात भर घालतो. विमानदलाच्या कागदावर वडिलांचं नाव मधल्या अक्षरात आक्रसलेलं असतं, आडनावाचं स्पेलिंग भरती करणाऱ्या साहेबाच्या कानावर बेतलेलं असतं. नावातला फरक लपवू नका. दोन्ही स्पेलिंगं देऊन 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि सर्वांत वर सेवा क्रमांक लिहा. दोन माणसांची नावं सारखी असू शकतात, क्रमांक नाही.

मृत्यूचा दाखला म्हणून वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं स्मरणपत्र जोडू नका. ते छापून भिंतीवर लावायला आहे. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे विमानदलाच्या युद्धमृत्यूंची वेगळी सूची आहे, तिथून प्रत मागवा.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा कॅनडाच्या विमानदलाचा माणूस ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये उडत असला तरी अर्ज त्याच्या देशाकडे करायचा. कॅनडाने तर स्वतःची वेगळी पट्टी काढली आहे. ब्रिटिश दलातल्या आणि त्याच्या राखीव दलातल्या माणसाचा अर्ज ग्लॉस्टरच्या संरक्षण मंत्रालय पदक कार्यालयाकडे जातो. भारतीय विमानदलाचा सेवा क्रमांक असेल तर ग्लॉस्टरला कागद सापडणार नाहीत. फॉर्म भरणं, सही, पाठवणं हे बाकी सगळं सरळ आहे.

क्लास्पला पैसे पडत नाहीत. 'आम्ही मिळवून देतो' म्हणून शुल्क घेणारे भेटतील. ते तुमचाच फॉर्म भरून पाठवतात. दुकानात मिळतो तो नमुना, अधिकृत नव्हे. आणि मूळ स्टारच घरातून हरवला असेल तर केवळ 'हरवला' म्हणून नवा मिळत नाही. चोरी झाली असेल तर पोलिसांचा अहवाल, आग किंवा पूर असेल तर विम्याचे कागद लागतात. पण कुटुंबाने युद्धानंतर पदकं कधी मागितलीच नसतील, तर ती अजूनही पहिल्यांदा मागता येतात. म्हणून क्लास्पच्या अर्जातच एक ओळ घाला: 'या व्यक्तीची कोणती पदकं यापूर्वी दिली गेली, ते कळवावे आणि न दिलेली सर्व द्यावीत.'