जांघेतली वाट अरुंद असते तेव्हा

छातीतल्या महाधमनीचा फुगवटा साधारण ५.५ ते ६ सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो फुटण्याची भीती वाढते. धातूची जाळी आणि कापडी नळी यांचा स्टेंट-ग्राफ्ट आतून बसवला की फुगलेल्या भिंतीवरचा रक्ताचा दाब उतरतो, छाती उघडावी लागत नाही. तो न्यायचा नेहमीचा रस्ता जांघेतल्या धमनीतून. पण ज्या शीथमधून, म्हणजे धमनीत घातलेल्या पोकळ नळीतून, तो सरकतो ती बरीच जाड असते, साधारण १८ ते २६ फ्रेंच. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. त्यातही शीथवर छापलेला आकडा बहुधा आतल्या व्यासाचा असतो. २४ फ्रेंचची शीथ आतून ८ आणि बाहेरून सुमारे ९ मिलिमीटर भरते. ओटीपोटातली इलियाक धमनी कित्येकांची, विशेषतः स्त्रियांची, एवढी रुंद नसते. तिच्यात चुन्याचे थर आणि वळणे असली तर विचारायलाच नको.

शीथ रेटून आत जातेही, पण घात होतो ती बाहेर काढताना. धमनी फाटली असली तरी शीथ आत असते तोवर तीच फाटलेली जागा दाबून धरते. ओढली की रक्तदाब एकदम कोसळतो, कधी तर धमनीच शीथला चिकटून उपटून येते. म्हणून शीथला वाट दाखवणारी बारीक वायर शेवटपर्यंत आत ठेवतात आणि महाधमनी आतून बंद करणारा फुगा हाताशी असतो.

सीटी स्कॅनवर धमनी अपुरी दिसली तर सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे कॉन्ड्युइट. कुशीच्या खालच्या भागात छेद घेऊन, पोटाचे आवरण न उघडता, वरच्या रुंद इलियाक धमनीला १० मिलिमीटरची डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवतात आणि शीथ त्या नळीतून घालतात. नळी जांघेतल्या वेगळ्या छेदातून बाहेर काढली तर शीथला सरळ रेष मिळते. दुसरी युक्ती अशी, की अरुंद धमनीत आधी आवरण असलेला स्टेंट बसवायचा आणि मग फुग्याने धमनी मुद्दाम फोडून रुंद करायची. चीर आवरणाआड राहते. मात्र आवरणाखाली आतली इलियाक धमनी झाकली गेली तर मज्जारज्जूचा एक रक्तपुरवठा तुटतो. छातीतल्या ग्राफ्टने मज्जारज्जूकडे जाणारे काही फाटे आधीच बंद केलेले असताना पायांच्या लुळेपणाचा धोका त्याने वाढतो.

वरूनही येता येते: काखेतल्या धमनीतून, मानेतल्या कॅरोटिड धमनीतून, हृदयाच्या टोकातून. तिथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. नेहमीचा ग्राफ्ट खालून येण्याच्या हिशेबाने मिटून नळीत भरलेला असतो, त्याचे हृदयाकडचे टोक आधी उघडते. वरून नेला की तेच टोक पायांकडे येते, आणि त्या टोकाच्या कापडाबाहेरच्या उघड्या स्प्रिंगा चुकीच्या बाजूला.

सर्वात अजब वाट पोटातल्या महाशिरेतून जाते. विजेचा प्रवाह सोडलेली वायर शिरेतून शेजारच्या महाधमनीत घुसवतात. त्यासाठी भिंतीवर चुना नसलेली जागा सीटीवर आधीच हेरावी लागते. माणसात हे प्रथम २०१३ मध्ये झाले, हृदयाची झडप बसवण्यासाठी. काम झाल्यावर भोक नायटिनॉल या मिश्रधातूच्या बुचाने बंद करतात. बूच थोडे गळले तरी सहसा निभावते: भोवतीच्या पेशीजालातला दाब शिरेतल्या दाबापेक्षा जास्त असल्याने महाधमनीतून निसटलेले रक्त पोटात साचण्याऐवजी शिरेतच परत जाते.