८०डी : विम्याचा हप्ता आणि औषधांची बिलं

मेडिक्लेम १९८६ साली बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने, आरोग्यविम्याचा हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारं ८०डी हे कलम १९६१ च्या आयकर कायद्यात घातलं (१ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली). पुढची वीसेक वर्षं मर्यादा अधूनमधून वाढत राहिली, एवढंच. २००८ मध्ये आई-वडिलांच्या हप्त्यासाठी वेगळी वजावट आली. ते अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही. सासू-सासरे मात्र यात बसत नाहीत. २०१२ पासून आरोग्य तपासणीचे ५,००० धरता येतात, तेही मूळ मर्यादेच्या आतच. रोख पैसे चालतात ते फक्त या तपासणीला.

खरा गुंता औषधोपचाराच्या खर्चाचा. २०१५ मध्ये तो ऐंशी पूर्ण केलेल्यांपुरता मान्य झाला आणि २०१८ मध्ये साठीपुढच्या सगळ्यांना, ५०,००० पर्यंत. अट अशी की, त्या व्यक्तीच्या आरोग्यविम्यापोटी काही रक्कम भरलेली नसावी. ही अट माणशी लागते, घराला नाही, आणि अनेकजण इथेच चुकतात. आईच्या पॉलिसीचा हप्ता ३८,००० आणि विमा नसलेल्या वडिलांची औषधं २०,००० असतील, तर दोन्ही धरता येतात. बेरीज ५८,००० झाली तरी वजावट ५०,०००च. वडिलांची बिलं त्यांच्या नावाची हवीत, पैसे कार्डाने किंवा यूपीआयने दिलेले हवेत.

समजा, मुलाच्या कंपनीच्या गटविम्यात आईचं नाव आहे, हप्ता कंपनी भरते. मग 'रक्कम भरली' असं म्हणायचं का? दोन्ही बाजूंनी बोलणारे सल्लागार सापडतात. हप्त्याचा काही भाग पगारातून कापला जात असेल, तर मात्र आईच्या खर्चावर हक्क सांगणं अवघड. त्यात 'वैद्यकीय खर्च' म्हणजे काय याची व्याख्याच या कलमात नव्हती. डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्या यांवर कोणी हरकत घेत नाही. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आलं की वाद. अर्ध्या ओळीच्या स्पष्टीकरणाने हे मिटलं असतं.

२०१८ च्याच अर्थसंकल्पात पगारदारांची १५,००० च्या वैद्यकीय बिलांची करमुक्ती गेली आणि ४०,००० ची, बिलं न दाखवता मिळणारी प्रमाणित वजावट आली. अनेक वर्षांचा हप्ता एकरकमी भरला, तर वजावट वर्षांत समान वाटून घेण्याचा नियमही तेव्हाचाच.

नव्या करप्रणालीत (दर कमी, वजावटी मोजक्याच) ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती तीच. जुनी हवी असेल तर मुदतीत विवरणपत्र भरतानाच निवडावी लागते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असल्यास त्यासाठी वेगळा अर्जही लागतो. मुदत हुकली की त्या वर्षीची बिलं वजावटीच्या कामाची राहत नाहीत.