दंतचिकित्सालय : सेवकवर्ग व रुग्णसेवा (सोलापूर)

दातांच्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरखेरीज काम करणाऱ्यांची नेमणूक, कामाची वाटणी आणि रुग्णाची केसपेपर काढण्यापासून पुढची तारीख देईपर्यंतची देखभाल. एक-दोन खुर्च्या, तेवढेच मदतनीस, ठरलेल्या वारी येणारा तज्ज्ञ आणि कवळ्या-कॅप करून देणारी बाहेरची लॅब, एवढा याचा सर्वसाधारण पसारा.

मदतनीस पुरुष असेल तर बोलीत ‘कंपाउंडर’, स्त्री असेल तर ‘सिस्टर’. परिचर्येचे शिक्षण असो वा नसो. कंपाउंडर म्हणजे मुळात मिश्रणे व पुड्या बांधणारा. दातांच्या दवाखान्यात मिश्रण बनत नाही. तेव्हा काचेच्या पट्टीवर सिमेंटची पूड द्रवात कालवण्यावरून हे नाव पडले असावे, असे वाटणे साहजिक आहे. तथापि जनरल डॉक्टरच्या दवाखान्यातून ते जसेच्या तसे उचलले गेले, हेच अधिक संभवनीय दिसते.

कायद्यात या माणसाला बराच काळ नाव नव्हते. दंतवैद्य अधिनियम, १९४८ याने दंतवैद्य, दंत आरोग्यक (दात साफ करणारा) व दंत यांत्रिक (कवळ्या बनवणारा) असे तीनच वर्ग नोंदणीसाठी मानले. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट असलेल्या जुन्या दंतवैद्यांनाही नोंदवहीच्या ‘ब’ भागात जागा मिळाली. खुर्चीशेजारी लाळ ओढणारी नळी धरून उभ्या राहणाऱ्याला मिळाली नाही. या अधिनियमाच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

दवाखाना ही ‘व्यापारी आस्थापना’ होय काय, हा वाद जुना आहे. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ याखाली डॉक्टरचा खाजगी दवाखाना येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. देवेंद्र सुरती यांच्या प्रकरणात ठरवले. महाराष्ट्राने १९७७ च्या दुरुस्तीने वैद्यक व्यावसायिकांना व्याख्येत आणले, आणि २०१७ च्या कायद्यात दवाखाना स्पष्टपणे आला. मात्र हा कायदा ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी (२०१७ मध्ये ही संख्या दहा होती). त्याहून लहान आस्थापनेने नोंदणीऐवजी सरकारला केवळ सूचना द्यायची. परिणामी दोन माणसांच्या दवाखान्यात रजा, कामाचे तास व दिवाळीचा बोनस तोंडीच ठरतो. रुग्णाच्या बाजूने कायदा अधिक स्पष्ट आहे : शुल्क घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ होय, असा निर्णय १९९५ मध्ये झाला. संमतिपत्राला महत्त्व आले ते मुख्यतः त्यानंतर, असे म्हणता येईल.

हत्यारे धुऊन, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१° से. वर १५ ते २० मिनिटे ठेवणे हे मदतनिसाचे रोजचे काम. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात.

सोलापूरचे वेगळेपण भाषेत आहे. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारे रुग्ण एकाच बाकावर बसतात. ‘आ करा’ हे न कळलेल्या आजीला मदतनीस तेलुगूत ‘नोरु तेरवंडी’ किंवा कन्नडात ‘बायि तेगीरि’ म्हणते, तेव्हा डॉक्टरचे काम सुरू होते. (दातांना तेलुगूत ‘पळ्ळु’, कन्नडात ‘हल्लु’, जुन्या ‘प’चा कन्नडात ‘ह’ झाला तो साधारणपणे दहाव्या शतकानंतर, असे मानतात.) पूर्व भागातील विडी वळणाऱ्या स्त्रियांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते; बाकावर गेलेली सकाळ मजुरीतून वजा होते. त्यामुळे वेळ पाळणे ही येथे निव्वळ सौजन्याची बाब नाही. मिश्री लावण्याच्या सवयीची चौकशीही डॉक्टरपेक्षा सिस्टरकडे लवकर कबूल होते. रूट कॅनॉलमध्ये पहिल्या बैठकीतच ठणका थांबला की उपचार अपुरे असूनही रुग्ण पुन्हा फिरकत नाही. वहीतला नंबर पाहून, ज्याच्या त्याच्या भाषेत फोन लावण्याचे कामही तिच्याकडेच असते.