मोटारीची बॅटरी आणि घरातला पंखा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ऐन दुपारी लाइट जाते, तेव्हा मोटारीतून काढून ठेवलेली बॅटरी इन्व्हर्टरला जोडावी, असे पुष्कळांना वाटते. ती जोडता येते आणि पंखाही फिरतो. प्रश्न एवढाच, की हे काम ती किती महिने करील.

मोटारीची आणि इन्व्हर्टरची, दोन्ही बॅटऱ्या सहसा शिसे व गंधकाम्ल यांच्याच असतात. गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शोधलेले तत्त्व दोन्हींत आहे. फरक आहे तो प्लेटांमध्ये. इंजिन सुरू करताना स्टार्टरला क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून मोटारीच्या बॅटरीत पातळ प्लेटा मोठ्या संख्येने बसवून आम्लाला भिडणारे क्षेत्रफळ वाढवलेले असते. त्यात खर्च होतो तो साठ्याचा अगदी थोडा भाग, आणि इंजिन चालू झाले की अल्टरनेटर तोही भरून काढतो. पंखा मात्र थोडा प्रवाह तासन्तास ओढतो. बॅटरी अशी खोलवर उतरली, की प्लेटांवरील द्रव्याचे लेड सल्फेट होते, द्रव्य फुगते, चार्जिंगमध्ये पुन्हा आकसते आणि दर फेरीत थोडे थोडे झडते. बॅटरी उतरलेलीच ठेवली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होऊन चार्जिंगला दाद देत नाहीत. इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांच्या, बॅटरीत धन प्लेटेचे हे द्रव्य पॉलिएस्टरच्या, बहुधा विणलेल्या, नळ्यांत भरून आवळून धरलेले असते. चादरींच्या गावाला ही युक्ती परकी वाटू नये.

हिशेब करून पाहू. १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४२० वॉट-तास ऊर्जा मावते. तिच्या भल्यासाठी निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट वजा केली, तर हाती सुमारे १७० उरतात; त्यावर ७५ वॉटचा पंखा जेमतेम सव्वादोन तास चालेल. तीच बॅटरी ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्याला साडेपाच तास पुरते. माझ्या मते आधी बदलायचा तो पंखा.

उष्णतेचा हिशेब याहून कठोर आहे. तापमान दहा अंशांनी वाढले, की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत माळ्यावर तिला ठेवणे सर्वांत वाईट. बंद कपाटही नको, कारण चार्जिंगच्या अखेरीस हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला, की एक ठिणगी स्फोटाला पुरते. सावलीतली, वारा खेळणारी गॅलरी त्यापेक्षा बरी.